टिपणीस बाईंची दुसरी रीत

टिपणीस बाईंना गणित येत होतं की नाही, हे मला आजतागायत छातीठोकपणे सांगता आलेलं नाही. त्यांच्या शेजारच्या वर्गावर मी जूनपासून दिवाळीपर्यंत होतो. त्यांचे निदान पन्नास तास मी मागच्या बाकावर बसून ऐकले. त्या पन्नास तासांत बाईंनी एकाही गणिताचं उत्तर सांगितलं नाही. एकदाही नाही. तोंडापर्यंत आलेलं उत्तर गिळताना माणसाचा घसा हलतो, म्हणून मी त्यांच्या घशाकडेसुद्धा बघत बसायचो. तो कधी हलला नाही.

आधी एक कबूल करून टाकतो. मी लालबागचा. आमच्या चाळीत तळमजल्यावर उंदीर निघाला तर बातमी तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याला शिंगं फुटतात. त्यामुळे पुढे कुठे शिंगं दिसली तर तुमची तुम्ही कापून घ्या. खालचा उंदीर खरा आहे.

ते संपाचं वर्ष. गिरण्यांचे भोंगे जानेवारीत बंद झाले ते झालेच. बाबा गिरणीत मागांच्या साचाखात्यात होते, आता गॅलरीत होते. घरात आई, दोन बहिणी, आणि डी.एड. होऊन नुकताच चिकटलेला मी. शाळा महापालिकेची, नोकरी तात्पुरती. मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "परब, दिवाळीच्या आधी तपासणी आहे. साहेबांचा शेरा चांगला पडला तर कायम, नाहीतर तुमचं तुम्ही बघा. तोवर टिपणीस बाईंचे गणिताचे पाठ बघत जा. त्या वेगळं शिकवतात." 'वेगळं' म्हणताना त्यांनी जो चेहरा केला, तो खवट शेंगदाणा लागल्यावर करतात तो होता.

बाई ठाकूरद्वारच्या. यजमान कुठल्याशा कचेरीत हेडक्लार्क. उंची चार फूट दहा इंच, आणि हे मी मापून सांगतो, कारण बाईंच्या हातात बारा महिने असलेल्या छत्रीवर पांढऱ्या ऑइलपेंटने इंचांच्या खुणा केलेल्या होत्या. ती छत्री पावसात उघडलेली मी पाहिली नाही. पाऊस आला की बाई ती पदराखाली घेत, रंग उडेल म्हणून. दुसऱ्या खांद्याला पिशवी. पिशवीत चिंचोके, बाटल्यांची बुचं, सुतळी आणि गिरणीतल्या लाकडी बॉबिन. पालक आणून द्यायचे. एखाद्या गिरणीचं अख्खं खातं त्या पिशवीत सुरू करता आलं असतं.

आणि बाईंच्या वर्गात डस्टर नव्हतं. हरवलं नव्हतं, त्यांनी ते ठेवलंच नव्हतं. पोरगं चुकलं आणि हाताने फळा पुसायला गेलं की मागून आवाज यायचा, "पुसू नको. बाजूला लिही." आवाज इतका बारीक की तो ऐकण्यासाठी पंचेचाळीस पोरं श्वास धरून बसायची. आठवड्याच्या शेवटी त्यांचा फळा म्हणजे गणपतीनंतरचा चौपाटीचा किनारा. शनिवारी शिपाई ओलं फडकं मारायचा आणि बाई तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत उभ्या राहायच्या.

मी वही-पेन घेऊन पहिल्या पाठाला बसलो. बाईंनी फळ्यावर गणित घातलं: चाळीला चार मजले, तळापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत चाळीस पायऱ्या, तर चौथ्यापर्यंत किती?

"ऐंशी!" वर्ग ओरडला. मी वहीत लिहिलं, ऐंशी. पाठ संपला असं समजून पेनाला टोपण घातलं.

"कसं काढलंत?" बाई म्हणाल्या.

एकाने सांगितलं, चाळीस दुणे ऐंशी. बाई म्हणाल्या, "हं. आता दुसऱ्या रीतीने काढा."

दुसऱ्या रीतीने कोण काढणार? बरोबर आलेलं उत्तर पुन्हा कशाला काढायचं? मी पेनाचं टोपण काढलं, घातलं, काढलं. तेवढ्यात एक पोरगी म्हणाली, "बाई, आमच्या चाळीत ऐंशी नाही होत. वरचा जिना लाकडी हाय, शिडीसारखा."

"मग किती होतात?"

"नाय मोजल्या."

"मलाही माहीत नाही," बाई म्हणाल्या आणि छत्री उचलली. "चला."

झालं. दोन-दोनच्या रांगेत पंचेचाळीस पोरं, पुढे छत्री उभी धरलेल्या बाई आणि शेपटीला मी. आता संपाचे दिवस. लालबागच्या रस्त्यावर रांग दिसली की तो मोर्चा, एवढं साधं गणित तेव्हा सगळ्यांना येत होतं. नाक्यावर रिकामे बसलेले आठ-दहा कामगार उठून रांगेला लागले. पुढच्या वळणावर आणखी वीस. कुणीतरी घोषणा दिली, पोरांनी तिला हौसेने जोड दिली. माझ्या अंदाजाने, पुढची छत्री चाळीच्या दाराशी पोचली तेव्हा शेपूट भायखळ्याच्या पुलावरून उतरत होतं. मागून पोलिसांची गाडी आली. हवालदार उतरला आणि नेमका माझ्यासमोर उभा राहिला.

"कुठे चाललाय मोर्चा?"

मी पुढच्या छत्रीकडे बोट केलं. बाई पुढून चालत आल्या.

"पायऱ्या मोजायला."

"कसल्या पायऱ्या?"

"तेच बघायला चाललोय. तुम्ही कुठे राहता हो? तुमच्याकडे किती आहेत?"

हवालदाराने टोपी काढून डोकं खाजवलं. वरळीला राहतो म्हणाला, तिसऱ्या मजल्यावर, पण मोजल्या नाहीत कधी. "उद्या मोजून सांगा," बाई म्हणाल्या. आणि शप्पथ सांगतो, दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो फाटकाशी येऊन 'चौपन्न' असं सांगून गेला.

चाळीत त्र्याहत्तर पायऱ्या निघाल्या. म्हणजे निम्म्या वर्गाच्या त्र्याहत्तर. लाकडी जिन्यातली एक पायरी तुटून पडलेली होती, तिची फक्त जागा होती, आणि सगळे तिच्यावरून उडी मारत. उरलेल्या निम्म्यांनी ती धरली आणि चौऱ्याहत्तर केल्या. पोरांची जुंपली. नसलेली पायरी धरायची की नाही? चौथ्या मजल्यावरच्या एक आजी तांदूळ निवडता निवडता ओरडल्या, "धरा गो बायांनो धरा, माझी म्हातारपणाची हाडां तीच मोजतत रोज!" वर्गात परतल्यावर बाईंनी फळ्यावर दोन्ही उत्तरं लिहिली, दोन्हींना चौकट केली. घंटा झाली. मी टाचणवहीत लिहिलं: 'उत्तर त्र्याहत्तर किंवा चौऱ्याहत्तर, किंवा ऐंशी.' मग तेही खोडलं, कारण त्यातलं बाईंचं उत्तर कुठलं ते मला कळलं नव्हतं.

शिपाई मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, तुम्हाला म्हणून सांगतो. बाई मॅट्रिकला गणितात नापास. त्यांना येतच नाय, म्हणून पोरांकडून काढून घेतात." मला ते पटलं. मग वाटलं, ज्याला येत नाही तो इतका स्वस्थ कसा? एकदा धीर करून मी विचारलंच, "बाई, तुम्हाला उत्तर आधी माहीत असतं ना?"

बाई चिंचोके पुसत होत्या. "घरून सोडवून आले ना, की मला पोरांचं ऐकू येत नाही रे परब. माझंच उत्तर कानात वाजत राहतं."

हे मान्य करणं झालं की नाकारणं? मी अजून ठरवतोय.

आठवड्याभराने मी माझ्या वर्गात बाईंच्या थाटाने गणित घातलं. तेवीस बोंबलांचे चार सारखे वाटे करा. भाग पाच, बाकी तीन, असं उत्तर मी घरून सोडवून आलो होतो. एक पोरगा म्हणाला, "सर, बाकी राहतच नाय." त्याची आई बाजारात मासळी घेऊन बसायची, शिवडीच्या कोळीवाड्यातली. शाळा सुटताना ती पोराला न्यायला आली तेव्हा तिलाच वर्गात बोलावलं. डोक्यावरची मासळीची पाटी खाली ठेवून तिने माझ्या फळ्याकडे असं बघितलं, की शिळा पापलेट बरा.

"मास्तर, सगलं बोंबील काय एका मापाचं असतान? बारकं दोन म्हंजे मोठा एक. वाटा डोल्यानी करायचा, बोटानी नाय."

"पण बाकी तीन उरतात त्यांचं काय?"

"उरला एखादा तर मांजरीचा. मांजर काय उपाशी मारायची?"

मी टाचणवहीत प्रामाणिकपणे लिहिलं: 'बाकी: मांजर.' मुख्याध्यापकांनी त्याला लाल शाईने गोल केला, आत उद्गारचिन्ह टाकलं आणि वही टिपणीस बाईंना दाखवली. बाई हसता हसता लहान मुलांच्या बाकावर बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. मला वाटलं, आपण नोकरीतून गेलो. उठल्यावर त्या म्हणाल्या, "छान चाललंय तुझं." छान काय चाललंय, ते सांगितलं नाही.

घरी बाबा रोज विचारायचे. संपात त्यांच्याकडे विचारायला वेळच वेळ होता. "काय रे झिला, तू पोरांका शिकयतंस की पोरां तुका शिकयतत?" मी म्हणायचो, दोन्ही चालू आहे. बाबा विडी न पेटवता नुसती ओठात धरायचे आणि म्हणायचे, "तपासणीक मात्र तूच शिकव हां."

आता मंदाबद्दल सांगितलं पाहिजे, आणि इथे मी शिंगं लावणार नाही.

मंदा खोत माझ्या चौथीत होती. तिची आई कामगारांची खानावळ चालवायची. पुस्तकात गणित होतं: एका खोलीत सहा माणसे झोपतात, तर अठरा माणसांना झोपण्यासाठी किती खोल्या लागतील? साऱ्या वर्गाने तीन लिहिलं. मंदाने लिहिलं, एक. मी लाल फुली मारली, आणि तीही ठसठशीत मारली.

बाईंनी माझ्या टेबलावरच्या वह्या चाळता चाळता ती फुली बघितली. "तिला विचारलंस, कसं काढलंस?"

विचारायचं काय त्यात? अठरा भागिले सहा. पण बाई हलेनात. मंदाला बोलावलं.

ती म्हणाली, "सर, आमच्या खानावळीच्या बाजूला खोली आहे ना, तिथे अठरा माणसं राहतात. सहा पहिल्या पाळीची, सहा दुसऱ्या पाळीची, सहा रात्रपाळीची. एक उठून कामावर गेला की त्याच्याच वळकटीवर दुसरा येऊन झोपतो. एकच खोली पुरते."

मी फुलीकडे बघत राहिलो. हे मला माहीत नव्हतं असं थोडंच होतं? लग्न होईपर्यंत बाबा अशाच एका खोलीत होते. ते ऐकवायचे, "मी ज्या वळकटेर निजा, तिच्या धन्याचा तोंड धा वर्सांत दोनदा बघलंय. एकदा गणपतीक नि एकदा तो तापान पडलो तेव्हा." लालबागमध्ये जन्माला येऊन मी पुस्तकाच्या बाजूने फुली मारली होती.

बाईंनी फुली खोडायला सांगितलं नाही. म्हणाल्या, "पुसू नको. बाजूला लिही."

दुसऱ्या दिवशी ते गणित माझ्या फळ्यावर आलं. पुस्तकात, तीन. गिरणी चालू असताना, एक. मग मंदाच म्हणाली, "पण सर, आता संप आहे. आता अठरा जण एकदम घरी असतात." आता किती? पोरांनी सुतळी घेतली, बाईंची छत्री मागून आणली आणि ती खोली मापून आली. सहा जण जमिनीवर, चार गॅलरीत, दोघे माळ्यावर पाय दुमडून, आणि सहा गावी निघून गेलेले. त्या खोलीतले लोक पोरांना म्हणाले, संपामुळे पहिल्यांदा आम्ही सगळे एकमेकांना भेटलो, तोपर्यंत एकमेकांचे फक्त वास ओळखत होतो. ते गणित आमच्याकडे पंधरा दिवस चाललं. पुस्तकाच्या त्या पानाला इतके हात लागले की पुस्तक कुठूनही उघडलं तरी तेच पान उघडायला लागलं.

हे ध्यानात ठेवा. तपासणीचे साहेब आले, खुर्चीत बसले, एका मुलाचं पुस्तक मागितलं आणि सहज उघडलं. कुठलं पान उघडलं असेल?

सफारी सूट, सोनेरी काडीचा चष्मा, आणि तोंडात अजून मुख्याध्यापकांच्या खोलीतला बटाटावडा. बाईंचा तास रिकामा होता. आज त्या माझ्या वर्गात मागच्या बाकावर, छत्री मांडीवर आडवी. साहेबांनी गणित मोठ्याने वाचलं. "कोण सांगेल?"

मंदाचा हात वर.

"सांग."

"कधी, सर?" मंदाने विचारलं.

"कधी म्हणजे?"

"संपाच्या आधी की आत्ता?"

साहेबांनी पुस्तकात पुन्हा बघितलं, 'कधी' कुठे छापलंय का म्हणून. "यात संप कुठून आला? फळ्यावर येऊन उत्तर लिही."

मंदा गेली. तिने नीट, सावकाश, मोठा 'एक' काढला.

"चूक," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "सर, बरोबर उत्तर तुम्ही लिहा."

मी मंदाकडे बघितलं नाही. मागच्या बाकाकडेही नाही. मला आमची गॅलरी दिसत होती, बाबांच्या ओठातली न पेटवलेली विडी दिसत होती. पुढे जाऊन मी तळहाताने एक पुसला आणि तीन लिहिला. हात सदऱ्याला पुसला.

"शाब्बास," साहेब म्हणाले. मंदा जागेवर जाऊन बसली. तिने नुसतं बाकावर बोटाने काहीतरी गिरवलं.

तळहाताने फळा कधी नीट पुसला जात नाही. एकचा दांडा तीनच्या पोटातून दिसत होता. शनिवारी शिपायाने फडकं मारलं तरी उन्हाची तिरीप आली की मला तो दिसायचा. इतरांना दिसायचा की नाही, ठाऊक नाही. मी कुणाला विचारलं नाही.

माझ्या वर्गानंतर साहेब बाईंच्या वर्गात गेले. तिथला फळा बघून त्यांनी विचारलं म्हणे, "यातलं बरोबर उत्तर कुठलं?" आणि बाईंनी विचारलं, "तुम्हाला कुठलं वाटतं?" पुढचं शिपायाने मला तीन वेगवेगळ्या प्रकारांनी सांगितलं. एका प्रकारात साहेब खुर्चीवरून पडतात. तो मी सोडून देतो.

मला 'समाधानकारक' शेरा मिळाला. मी कायम झालो. बाबांनी पहिल्यांदा ती विडी पेटवली. "काय इचारल्यान रे सायबान?"

"पाढे," मी म्हटलं.

"बरां झाला. पाढे तुका येतत."

बाईंची दिवाळीनंतर रे रोडच्या बाजूच्या शाळेत बदली झाली. शेऱ्यात होतं, अभ्यासक्रम मागे, वर्गात डस्टर नाही. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो, तर त्या खूश. "अरे तिकडे लाकडाच्या वखारी आहेत. ओंडके! घनफळाला काय मजा येईल!" हे खरं खूश होणं होतं की माझ्यासाठी केलेलं? निघताना त्यांनी माझ्या हातात तपकिरी कागदाची पुडी दिली. आत डस्टर. नवं कोरं, लाकडी पाठीचं.

ज्या बाईने जन्मात वर्गात डस्टर ठेवलं नाही, तिने मला डस्टर द्यावं? टोमणा होता? शाप होता? क्षमा होती? दुकानात स्वस्त मिळालं होतं? मी ते कधी वापरलं नाही. आजही माझ्या कपाटात आहे, आणि मी फळा हातानेच पुसतो.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा मंदाची जागा रिकामी होती. जेवायला माणसं उरली नाहीत, खानावळ बंद झाली, मायलेकी कुडाळकडे निघून गेल्या. मला तिला काहीतरी सांगायचं होतं. काय, ते ठरलेलं नव्हतं, पण रोज उद्यावर टाकत होतो एवढं खरं.

त्यानंतर बाईंची माझी भेट एकदाच झाली. मध्ये वीसेक वर्षं गेली. बाबा गेले. ते गेले तोपर्यंत संप मागे घेतल्याचं त्यांना कुणी येऊन सांगितलं नव्हतं, आणि ते वाट बघत होते असंही नाही. गिरणीची चिमणी पाडली. त्या जागी टॉवर उभा राहिला, इतका उंच की वरच्या मजल्यावर टाकलेलं वाळवण एकदम ढगातच भिजावं. त्याच्या फाटकासमोर, भर दुपारी, कोणीतरी छत्री उभी धरून मान वर करून बघत होतं. छत्रीवर पांढऱ्या खुणा.

"बाई!"

"अरे परब," त्या म्हणाल्या, जणू मधल्या सुट्टीत भेटलो. केस पांढरे, उंची आता चार फूट आठ असेल. "मुख्याध्यापक झालास म्हणे."

"झालो. पोरं उरली नाहीत बाई, पण मुख्याध्यापक आहे."

थोडं इकडचं तिकडचं झालं. मग मला राहवेना. "बाई, तुम्ही मला ते डस्टर का दिलंत?"

"कुठलं डस्टर?" त्या आठवायला लागल्या. "अच्छा, ते! तू सदऱ्याला हात पुसलास ना रे. एकच तर बरा सदरा होता तुझ्याकडे."

बस. वीस वर्षं मी त्या डस्टरखाली झोपत होतो, आणि त्याचं उत्तर होतं, सदरा. मी हसलो. त्याही हसल्या. मग मान जरा तिरकी करून, पोरांना विचारायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "मला पण तुला एक विचारायचं राहिलं होतं. त्या दिवशी तू तीन कसं काढलंस?"

माझे कान तापले. पण त्यांच्या चेहऱ्यावर फक्त कुतूहल होतं, बाकी काही नाही. निदान मला सापडलं नाही. मग मी सांगितलं. बाबा घरी बसलेले. बहिणी दोन. पगार एक. साहेब समोर. उत्तर 'एक' होतं हे मला माहीत होतं. बाबांच्या वळकटीपासून माहीत होतं. तरी पुसलं. म्हणून तीन.

छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकून बाईंनी सगळं ऐकलं. मध्ये एकदाही तोडलं नाही.

"हं. रीत कळली," त्या म्हणाल्या. "आता दुसऱ्या रीतीने काढून बघ."

"आता कशी काढू बाई? मंदा कुठे आहे, साहेब कुठे आहेत, फळासुद्धा बदलला."

"मला माहीत नाही. तुला कळलं की मला सांग."

एवढं बोलून त्या फाटकाशी गेल्या आणि वॉचमनला विचारलं, "या इमारतीला पायऱ्या किती?"

"लिफ्ट है, माताजी."

"लिफ्ट असू दे. पायऱ्या किती?"

"सीढ़ी से कौन जाता है?"

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही."

वॉचमनचा चेहरा बघून मला तो हवालदार आठवला. त्याने वर बघितलं, आत बघितलं. इमारतीत अजून कुणी राहायला आलेलं नव्हतं. मग फाटक उघडून म्हणाला, "जाइए. गिनके मुझे भी बताना."

"बाई, अहो, ऊन किती आहे, वय किती आहे..." मी मागे धावलो. तोपर्यंत त्या जिन्याच्या दाराशी पोचल्या होत्या. छत्रीचं टोक एकेका पायरीवर टेकवत त्या चढायला लागल्या. तो बारीक आवाज, ज्यासाठी श्वास धरावा लागायचा. "चार... पाच... सहा..." पहिल्या वळणावर छत्रीच्या पांढऱ्या खुणा कठड्यावरून सरकल्या आणि दिसेनाशा झाल्या. आवाज येत राहिला. तेवीस. अडतीस. एकसष्ट. मध्ये थोडं थांबणं, बहुतेक दम खाणं, पुन्हा सुरू. एकशे बारापर्यंत मी ऐकल्याचं खात्रीने सांगतो. नंतर आवाज होता की मला वाटत होतं, ते सांगता येत नाही.

वॉचमन माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे. वर जावं की थांबावं? त्यांना आणायला जायचं, की मोजायला? त्यांनी बोलावलं तर नव्हतं.

मी सदऱ्याच्या बाह्या सारल्या, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि वर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो, "एक."